दप्तर कोणाच्या मालकीचे?



धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी आपण देवाच्या कोपाला भिण्याचे सोडून दिले. घरातले देव्हारे गेले, नवस गेले, अंगात येणे गेले. ही क्रांती लहान नव्हे. परंतु एक प्रश्न मी आज आपणांस उघडपणे विचारणार आहे. देवाच्या कोपाला न भिणारे आपण कचेरीतल्या साहेबाच्या कोपाला भिण्याचे सोडले आहे काय?

नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जा, लातूरच्या जिल्हा परिषदेत जा, नाहीतर मुखेड, देगलूर, औसा, निलंगा येथल्या तहसिलीत जा. आपली माणसे हातात अर्ज घेऊन दाराशी उभी आहेत. त्या अर्जाचा मथळा काय? 'विनंती अर्ज'. मजकूर काय? 'मी गरीब आहे, माझ्यावर दया करावी.' ज्यांच्या आजोबांनी १९५६ नंतर जोहार घालणे सोडले, त्यांचे नातू शाईने जोहार घालीत आहेत. शरीर ताठ झाले, पण कागद अजून वाकलेलाच आहे. माझे आजचे सांगणे एवढेच आहे, की हा कागद ताठ झाला पाहिजे, आणि तो ताठ करण्याचे साधन माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ या कायद्याने आपल्या हाती दिले आहे.

कोणी म्हणेल, की धम्माचा आणि या कायद्याचा संबंध काय? संबंध अगदी निकटचा आहे. केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी काय शिकविले? परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका. स्वतः तपासा आणि मगच स्वीकारा. मग साहेब म्हणतात 'निधी संपला' म्हणून निधी संपला, असे बौद्ध माणसाने का मानावे? 'तुझे नाव यादीत नाही' म्हटल्याबरोबर त्याने मुकाट्याने घरी का परतावे? यादी दाखवा, असे म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. तो धम्माचरणाचाच एक भाग आहे.

परमपूज्य बाबासाहेबांचे महाडचे उदाहरण आपण दरवर्षी व्यासपीठावरून ऐकतो. परंतु त्याचा अर्धाच भाग ऐकतो. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. हक्क कागदावर आला आणि कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा तो हक्क जिवंत झाला. हा भाग आपणांस ठाऊक आहे. उरलेला अर्धा भाग कोर्टातला आहे. स्पृश्यांनी त्याच वर्षी दावा लावला, की तळे आमचे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही अनादि काळापासूनची रूढी आहे. तो वाद दहा वर्षे चालला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की तळे नगरपालिकेकडे निहित असलेले सार्वजनिक तळे आहे आणि अनादि रूढी म्हणून जे सांगितले जाते ते सिद्ध झालेले नाही. म्हणजे मनगटाने जिंकलेले पाणी शेवटी दप्तराने आणि पुराव्याने पक्के झाले! बाबासाहेब बॅरिस्टर होते. मोर्चा आणि मिसल या दोन्ही गोष्टी त्यांच्या एकाच लढ्यात होत्या. आपण मोर्चा उचलला. मिसल मात्र पुढाऱ्यांच्या हाती सोपवून मोकळे झालो.

आता हा कायदा काय आहे ते नीट समजून घ्या. तो १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आहे. त्यापूर्वी आपल्या राज्याचा २००२ चा स्वतंत्र कायदाही होता. या कायद्यामागे राजस्थानातील खेडुतांचा लढा आहे. १९९४ साली पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे मजुरांनी जनसुनावणी भरविली आणि हजेरीपटावरील नावे मोठ्याने वाचून दाखविली. आपल्या घामाचा हिशेब ज्या कागदात आहे तो कागद आम्हांला पाहू द्या, एवढीच त्यांची मागणी होती. अक्षरशत्रू म्हणून हिणविल्या गेलेल्या माणसांनी हा कायदा देशाला मिळवून दिला, हे ध्यानात ठेवा.

या कायद्यात विनंतीला स्थान नाही. कलम ६ (२) सांगते, की माहिती कशासाठी हवी याचे कारण अर्जदाराला विचारता येणार नाही. 'तुला कशाला पाहिजे?' हा साहेबाचा आवडता प्रश्न कायद्यानेच बाद केला आहे. अर्ज १० रुपयांचा. कोर्ट फी स्टॅम्प चिकटविला तरी चालतो. प्रतीसाठी पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला दाखल्याची प्रत जोडल्यावर फी नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास साहाय्य करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. माहिती ३० दिवसांत द्यावयाची. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. मुदत टळल्यास माहिती फुकट. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर परत पाठविता येत नाही. त्या कचेरीनेच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी धाडला पाहिजे. उत्तर न आल्यास वा अपुरे आल्यास ३० दिवसांत पहिले अपील त्याच खात्याच्या वरिष्ठाकडे, आणि तेथेही न्याय न मिळाल्यास ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे, ज्याचे मराठवाड्यासाठीचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे आहे. विनाकारण माहिती अडविणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये शास्ती होऊ शकते. ती त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः बसते. गौतम धर्मसूत्राने आपल्याला ज्ञान ऐकण्याबद्दल शिक्षा सांगितली होती. हा कायदा ज्ञान दडविणाऱ्याला शिक्षा सांगतो. काळाचे चाक किती फिरले, ते यावरून समजावे.

पण हे चाक आपल्या गावात फिरले आहे काय? गायरानाचे उदाहरण घ्या. मराठवाड्यात आपल्या लोकांची जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान. १९५३ साली मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी सत्याग्रह झाला. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली हजारो स्त्रीपुरुषांनी भूमीसाठी तुरुंग पत्करला. शासनाने १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० ही तारीख ठरविली आणि त्यापूर्वीपासून गायरान कसणाऱ्या भूमिहीनांचा कब्जा नियमित करण्याची वाट दाखविली. आता विचारा, की आपल्या किती कुटुंबांच्या नावे सातबारा झाला? वडिलांनी दगड वेचले, बांध घातले, पोटे भरली. परंतु १९९० पूर्वीचा पुरावा विचारताच मुलगा गप्प होतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग यांच्या प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासकीय आदेशान्वये दिलेल्या जमिनीचा अपवादही नमूद आहे. पण अपवादाचा लाभ पुरावा दाखविणाऱ्यालाच मिळतो. २०२२ साली राज्यभर गायरानधारकांवर नोटिसांचे सावट आले, तेव्हा आपली माणसे पुढाऱ्यांच्या घरी धावली.

धावायचे होते ते दप्तराकडे! गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांचीच नोंदवही आहे. कोणी, कोणत्या गटात, किती क्षेत्रावर, केव्हापासून कब्जा केला आणि दंड किती बसला, याची नोंद तेथे असावयास हवी. ज्या वहीत सरकारने आपल्या बापाला अतिक्रमक म्हणून लिहिले, तीच वही आज आपल्या हक्काची साक्षीदार आहे. म्हणून कालपर्यंत ज्यांना आपण तलाठी म्हणत होतो त्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या मागे हिंडू नका. तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यास नमुना 'अ' मध्ये लिहा: 'मौजे अमुक, गट क्रमांक अमुक, या जमिनीबाबत १९७५ ते १९९० या काळातील गाव नमुना १-ई, पीकपाहणीच्या नोंदी व दंडवसुलीच्या नोंदी यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात, तत्पूर्वी मूळ नोंदवह्यांची पाहणी करू द्यावी.' यापेक्षा एक शब्द अधिक नको. आपल्या राज्याच्या २०१२ च्या नियमांनी एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा घातली आहे. रडगाणे लिहिल्याने शब्द संपतात, आणि प्रश्न राहून जातो.

यावर ठरलेले उत्तर येईल: 'सदर अभिलेख आढळून येत नाहीत.' वकिलीच्या व्यवसायात हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे, की ते छापील असावे असे वाटू लागते. या उत्तराला आपण कसे सामोरे जाणार? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ सालीच विश्वास भांबुरकर यांच्या प्रकरणात बजावले आहे, की एके काळी कचेरीत असलेला कागद नुसता 'सापडत नाही' म्हणून सुटका नाही. तो शोधलाच पाहिजे आणि हरवला असेल तर जबाबदारी निश्चित केली पाहिजे. आपल्या राज्यात सार्वजनिक अभिलेखांच्या जतनाचा २००५ चा स्वतंत्र कायदाही आहे.

आणि दुसरा पुरावा आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. २०२३ साली शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून निजामकालीन दप्तरे बाहेर निघाली. मोडी वाचणारे बसले, उर्दू वाचणारे बसले; कुणबी नोंदी शोधण्यासाठी जुनी पाने उलटली गेली. मराठा बांधवांना त्यांचे कागद मिळाले याबद्दल आपली तक्रार नाही. ज्याचा कागद त्याला मिळालाच पाहिजे. आपला प्रश्न निराळा आहे. सरकारने मनावर घेतले तेव्हा निजामाच्या काळातली पाने सापडली. मग बौद्धांच्या गायरानाची १९८५ सालची पाने तेवढी वाळवीने कशी खाल्ली? ही वाळवीसुद्धा जात पाहून खाते काय?

जातीच्या दाखल्याचेही असेच आहे. १९९० साली संसदेने कायदा करून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा हक्क मान्य केला. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी हे पक्के ध्यानात घ्यावे, की धर्मांतराने सवलत बुडत नाही, मग मूळ जात महार असो, मातंग असो, चर्मकार असो. मात्र १० ऑगस्ट १९५० या दिनांकाचे रहिवासी व जातीचे पुरावे मागितले जातात, आणि येथे मराठवाड्याचा माणूस अडतो. त्या दिवशी आपण हैदराबाद राज्यात होतो. लातूर जिल्हा तर १९८२ साली जन्मला. त्यापूर्वी ती गावे उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात होती. म्हणून औशाच्या आजोबांचा कागद लातुरात न मिळाल्यास धाराशिवच्या अभिलेख कक्षाकडे मागा. जिल्हा परिषदेची शाळा हीसुद्धा सार्वजनिक प्राधिकरण आहे. आजोबांच्या प्रवेश-निर्गम नोंदीचा उतारा मागता येतो. पडताळणी समितीकडे प्रकरण अडले असेल, तर ते कोणत्या तारखेस कोणाच्या टेबलावर आले, त्यावर काय टिपणी झाली, हे विचारता येते. ही माहिती विचारल्याबरोबर फाईलला पाय फुटतात, हा माझा अनुभव आहे.

वस्तीच्या पैशाकडे या. शासनाच्या दप्तरात आपले नाव 'नवबौद्ध' असे आहे. दीक्षेला सत्तर वर्षे होत आली, तरी आपण नवेच! असो. त्या नावाने वस्तीचा रस्ता, गटार, समाजमंदिर, रमाई आवासचे घर, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाची चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमिनीची योजना, विद्यार्थ्यांची स्वाधार योजना, असा पैसा येतो. तो कोठे गेला? अंदाजपत्रक, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक या चार कागदांत त्याचे उत्तर आहे. मोजमाप पुस्तिकेत जेवढे मीटर गटार लिहिले आहे, तेवढे टेप घेऊन वस्तीतल्या बायाबापड्यांनी मोजावे. यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

अत्याचाराच्या बाबतीत तर मौन हा गुन्हाच समजावा. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेली येथे एका बौद्ध तरुणाची हत्या झाली. गावात बाबासाहेबांची जयंती साजरी केल्याचा रोष त्यामागे होता, अशी फिर्याद आहे. आपण मोर्चे काढले, ते योग्यच झाले. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हावयास हवी. आपल्या जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत किती बैठका झाल्या, त्यांची इतिवृत्ते काय, पीडितांना अर्थसाहाय्य कोणत्या तारखेस मिळाले, हे कोणी विचारले आहे? मोर्चा एका दिवसात पांगतो; इतिवृत्ताची साक्षांकित प्रत कोर्टात वर्षानुवर्षे बोलत राहते.

आता आपल्याच घरातील विरोधकांकडे वळतो. पहिला विरोधक म्हणजे पुढारी. तो म्हणतो, 'साहेबाला दुखवू नका, मी बोलतो.' त्याचे मोल आपल्या अज्ञानावर ठरते. १० रुपयांच्या स्टॅम्पावर जे मिळते, तेच तो उपकार म्हणून वाटतो आणि निवडणुकीत व्याजासकट वसूल करतो. पूर्वी देव आणि भक्त यांच्यामध्ये भट उभा होता. आता कचेरी आणि नागरिक यांच्यामध्ये हा उभा आहे. भटाला ज्यांनी निरोप दिला, त्यांनी याला नमस्कार का घालावा? दुसरा विरोधक याहून घातकी आहे. तो माहिती मागतो आणि पाकीट मिळताच अर्ज मागे घेतो. त्याने अदिन्नादानाचे शील तर मोडलेच, शिवाय खऱ्या अर्जदाराकडे 'ब्लॅकमेलर' म्हणून बोट दाखविण्याची सोय अधिकाऱ्याला करून दिली. अशा माणसाला विहाराच्या व्यासपीठावर जागा असता कामा नये.

हा कायदा अक्षय आहे, या भ्रमातही राहू नका. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ व वेतन ठरविणे केंद्र सरकारच्या हाती गेले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कलम ८ (१) (ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागूही झाला. आता 'ही वैयक्तिक माहिती आहे' एवढे म्हणून लाभार्थ्यांची यादी नाकारली जाईल. त्यावर दोन उत्तरे तयार ठेवा. एक, अनुदानाच्या योजनांतील लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन कलम ४ (१) (ख) मध्ये आजही आहे. दुसरे, व्यापक लोकहित असेल तर माहिती देता येते, हे सांगणारे कलम ८ (२) आजही कायम आहे. दुसरे अपील आयोगाकडे रेंगाळते हेही खरे. परंतु न वापरलेले हत्यार लवकर गंजते. जो कायदा गरीब वापरीत नाहीत, तो मोडताना सरकारला कोणाची भीती वाटणार?

भीती आपल्यालाही आहे, हे मी नाकारीत नाही. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे जमिनींचे घोटाळे उघड करणाऱ्या सतीश शेट्टींची हत्या झाली. म्हणून एकट्याने अर्ज करू नका. एकाच माहितीसाठी वस्तीतल्या दहा जणांनी दहा अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावेत. स्त्रियांची नावे त्यांत आवर्जून असावीत. दहा नावांना कोणी एकेकटे गाठू शकत नाही. ज्या नांदेड जिल्ह्यात १९७८ साली टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे नामांतरासाठी शहीद झाले, ज्या नांदेड शहरात १९९३ साली गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले, त्या भूमीतल्या लोकांना कायद्याने हाती दिलेला कागद मागावयास भीती वाटावी, हे शोभणारे नव्हे.

येत्या पौर्णिमेस वंदना झाल्यावर विहारातच अर्धा तास बसा. शिकलेल्या मुलामुलींनी कागद-पेन घ्यावे. प्रत्येक कुटुंबाने एकच प्रश्न निवडावा: गायरान, दाखला, घरकुल किंवा गटार. अर्ज लिहा, पोच जपून ठेवा, तीस दिवस मोजा, आणि एकतिसाव्या दिवशी अपिलाचा कागद पुढे करा. त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. विहाराच्या कपाटात या सर्व प्रतींची एक फाईल ठेवा. ती आपल्या वस्तीचे स्वतःचे दप्तर होईल.

आपल्या पूर्वजांना गावाचे निरोप पोहोचविण्याचे काम होते. निरोपात काय लिहिले आहे ते वाचण्याची मुभा नव्हती. आता तो कागद उघडून वाचण्याचा हक्क आपला आहे. ते दप्तर साहेबाच्या बापाचे नव्हे, ते आपले आहे. मालकाने आपली वस्तू मागताना हात जोडावयाचे नसतात.

जयभीम!